ही वही कुणाला दाखवू?

ताई, नमस्कार.

नाव छापू नका. वय बावन्न. अशोक चौकापासून पाच मिनिटांवर राहतो. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू-हिंदी-मराठीची खिचडी, शाळा मराठीत झाली म्हणून पत्र मराठीत. सोळाव्या वर्षी चादरीच्या कारखान्यात लागलो. जकार्डचे ग्राफ काढायचे आणि पंचिंग करायचं हे काम. आमच्या मेस्त्रींनी हात धरून शिकवलं. आता चादर कमी, टॉवेल जास्त, आणि डिझाईन कॉम्प्युटरवर होतं. ते एक पंचविशीचं पोरगं करतं. मला सुपरवायझर केलंय. पगार बरा आहे, तक्रार नाही.

तक्रार नाही म्हणतो, पण रात्री झोप येत नाही. अकरा वर्षं झाली, जेवण झालं की ग्राफपेपर घेऊन बसतो. मोर, वेली, कुयऱ्या, मनात येईल ते. सतरा वह्या भरल्या. कुणालाच दाखवल्या नाहीत. बायको विड्या वळते, ती म्हणते, “कशाला डोळे फोडून घेताय?” मुलगा पुण्यात. फोन करतो, जेवलात का, गोळी घेतली का, ठेवतो. मेस्त्री तीन वर्षांपूर्वी गेले. दिवसभर शंभर माणसांत असतो, पण ज्याच्याशी बोलावं असं कुणी नाही.

मध्ये कारखान्यात व्यक्तिमत्त्व विकासाचं भाषण झालं. त्या सरांनी पिरॅमिड काढून दाखवला आणि म्हणाले, आधी स्वतःला घडवा, माणसं आपोआप जोडली जातील. मी अकरा वर्षं तेच करतोय. कुणी आलं नाही. की हे सगळे पोट भरल्यावरचे चोचले आहेत? कधी कधी वाटतं, आपण असलो काय, नसलो काय, माग तर चालूच राहणार. या वह्यांचं काय करू, तेवढं सांगा.

– पूर्व भागातला एक वाचक

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा वह्यांसाठी आणि एकदा त्या ‘असलो काय, नसलो काय’साठी. आधी त्याचंच बोलते, बाकीचं थांबू शकतं.

असं वाक्य माणसं बोलून जातात, वर चहा पितात आणि कामाला लागतात. तुमचंही तसंच असेल तर बरं. पण झोप उडाल्याचंही तुम्हीच लिहिलंय. हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, जेवण गोड लागत नसेल, हातातला ग्राफपेपरसुद्धा नकोसा होत असेल, किंवा नसण्याचा विचार फिरून फिरून येत असेल, तर माझ्या सदरावर विसंबू नका. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. तिथे जायला संकोच वाटला तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री दोन वाजताही उचलतात, मराठीत बोलतात आणि तेलुगूतही. मुलगा ज्या गोळीची आठवण करतो ती तुम्ही लाज न बाळगता घेता ना, तसंच हे.

आता चोचले. पोट भरल्यावर येतो तो ढेकर. तुम्हाला जे होतंय ती भूक आहे. २०१० साली ज्युलियान होल्ट-लुन्स्टॅड या अमेरिकी संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. तीन लाखांच्या वर माणसं होती त्यांत. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. सिगारेट सोडण्याने जेवढा फरक पडतो, त्याच्या तोडीचा हा आकडा. तेव्हा बोलायला माणूस हवं वाटणं याला श्रीमंताघरचं दुखणं म्हणू नका.

त्या सरांवर मात्र माझा थोडा राग आहे. माणसाच्या गरजांचा तो पिरॅमिड ज्यांच्या नावावर खपतो ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो. त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही, ते मागाहून लोकांनी काढलं. पण चित्र धरून चाललो तरी खालून मोजून बघा. तळाला अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, त्यावर मान, आणि अगदी टोकाला आपल्यात जे आहे ते पुरतं फुलवणं. म्हणजे सरांच्याच फळ्यावर माणसं खाली होती आणि घडणं वर. चित्र बरोबर काढून वाक्य उलटं सांगितलं त्यांनी. आणि मास्लोंनी त्याच लेखात हेही लिहून ठेवलंय की हा क्रम काही पक्का नाही, माणसागणिक तो बदलतो. तुम्ही मात्र ते उलटं वाक्य मनावर घेतलंत आणि अकरा वर्षं दार लावून घडत बसलात.

खरं सांगते, तुमच्या पत्रातल्या एका हिशेबाशी मी अडले. वह्या अकरा वर्षांच्या. मेस्त्री जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे आठ वर्षं वह्याही होत्या आणि मेस्त्रीही होते. ज्यांनी हात धरून शिकवलं, त्यांनाही तुम्ही एक पान दाखवलं नाहीत.

का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी ओळखण्याचा आव आणत नाही. पण अशा लपवण्याची मला ओळख आहे, कारण मीही ते केलंय.

मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन सोलापुरात आले. आमच्या शेजारच्या अव्वा कानडी. तीस वर्षं आमचं बोलणं म्हणजे कपडे वाळत घालताना “झालं का जेवण?” आणि संक्रांतीला तिळगूळ. त्यांचं मराठी मोडकं, माझं कानडी शून्य. नोकरीतून निवृत्त झाले, मुलगी परदेशी गेली, आणि दुपार नावाची गोष्ट किती लांब असते ते कळलं. मी कानडी अंकलिपी आणली. कुणाला न सांगता वर्षभर घरात गिरवत बसले. मनात होतं की एकदम अस्खलित बोलून अव्वांना चकित करायचं. वर्षाने एक दिवस गच्चीवर मी तोंड उघडलं. चार वाक्यं पाठ केली होती. दुसऱ्या वाक्याला अव्वा कठडा धरून खाली बसल्या, इतक्या हसल्या. मी म्हणे बंगळूरच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलत होते. घरात कुणी असं बोलतं का?

मला दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी अव्वाच आल्या, हातात एका लग्नाची पत्रिका घेऊन. पत्रिका कानडीत होती. त्या दुसरीपर्यंतच शिकलेल्या, अक्षरं कधीच पुसून गेली होती. इतकी वर्षं अशा पत्रिका त्या नातवाकडून वाचून घ्यायच्या आणि नातू आता हुबळीला. मग आम्ही पायरीवर बसलो. मी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायची, अर्थ कळायचा नाही. अव्वांना आवाज ऐकला की शब्द कळायचा, अक्षर कळायचं नाही. चाळीस मिनिटं लागली त्या पत्रिकेला. त्यात “आहेर आणू नये” लिहिलंय हे कळल्यावर अव्वांचा चेहरा पडला, कारण साडी आधीच घेऊन झाली होती.

अंकलिपीपाशी एकटीने घालवलेल्या वर्षात मी जे शिकले, त्याहून जास्त त्या चाळीस मिनिटांत शिकले. आणि शेजारीण मिळाली ती वेगळीच. तीस वर्षं भिंतीपलीकडे होती.

मोठ्या माणसांची उदाहरणं देऊन वाचकाला लाजवायचं, हा आम्हा सदरवाल्यांचा जुना उद्योग. मला तो आवडत नाही. तरी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे म्हणून त्यांची एक गोष्ट सांगते. स्मारक भैय्या चौकात आहे, आपण त्यावरून स्कूटरने जातो आणि आत जात नाही. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. तिथे ते चिनी शिकले. नुसतं ‘कुठे दुखतंय’ विचारण्यापुरतं नाही, त्या भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवण्याइतकं. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय होतं बत्तीस. चार वर्षांत हे सगळं. चिनी पक्की येईपर्यंत ते खोलीत बसून राहिले असते, तर जखमी सैनिक थांबले असते का? रोग्याच्या खाटेपाशी चुका करत करतच ती भाषा आली असणार. माणसांत शिरण्याची ओढ आणि आतली कुवत वाढवणं हे त्यांच्यापुरतं एकच काम होतं. आपण उगाच त्याची दोन कामं करतो, आणि एक संपल्यावर दुसरं हातात घेऊ म्हणतो.

आता तुमच्या वह्या. ताण्या-बाण्याची उपमा द्यायचा मोह मी आवरते. तुम्ही ते दिवसभर बघता, तुम्हाला त्याचं काय अप्रूप.

पण जकार्डबद्दल बोलायला हवं, आणि इतर वाचकांसाठी जरा सविस्तर. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर येतो. त्यातली एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड. चौकट रंगवलेली असेल तिथे कार्डाला भोक, बाकी कोरं. भोक असलं की मागावरचा तो उभा धागा उचलला जातो, नसलं की खाली राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. अशी शेकडो कार्डं दोऱ्याने एकमेकांना गुंफून मागावर टांगायची. फ्रान्सच्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमाराला ही युक्ती बसवली, आणि आपल्याकडे त्यांच्या नावाचं जकार्ड झालं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी विद्यार्थिनींना घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक कारखाना बघायला गेले होते. तिथल्या एका कारागिराने आमच्यासमोर दोन वस्तू शेजारी धरल्या. एका हातात ग्राफ, त्यावर गोल गरगरीत फूल. दुसऱ्या हातात त्याच ग्राफवरून विणलेला नमुना, त्यात तेच फूल अंड्यासारखं लांबट. इंचाला उभे धागे किती आणि आडवे किती, याचं गणित कागदाच्या चौकटीशी जुळलं नव्हतं. मग त्याने फुलाच्या मधोमध नख घातलं. धागा सुटून वर आला. तिथे धागा फार लांबवर मोकळा सोडला गेला होता, पायाच्या अंगठ्यात अडकला की चादर गेली. तो म्हणाला, “मॅडम, कागदावर सगळेच उस्ताद असतात.” पोरी हसल्या. मला ते वाक्य अजून आठवतं.

तुम्ही तर त्याच धंद्यातले, ग्राफ काढताना धाग्यांचा हिशेब तुमच्या बोटांत असणार. तरीही तुमच्या सतरा वह्यांतली फुलं गोल आहेत की लांबट, धागा कुठे सुटतोय, हे आज जगात कुणालाच ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. ती कळायला माग लागतो, मागावर उभा राहणारा विणकर लागतो, रंगाच्या कांड्या भरणारं कुणी लागतं. तुमच्या कलेची जातच अशी आहे की ती एकट्याने पुरी होत नाही. एखाद्या माणसाचं गाणं बंद खोलीत निदान गाणं तरी असतं. तुमचं काम बंद खोलीत अर्ध्यावरच थांबलेलं असतं. म्हणून मला वाटतं, रात्रीचा तो जो अस्वस्थपणा आहे, त्यात मुलाची आठवण आहे, मेस्त्रींची आहे, आणि त्याहून मोठा वाटा या अर्ध्यावर थांबलेल्या कामाचा आहे. तुमच्या भोवती शंभर माणसं आहेत, पण तुमच्यात काय आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. मग गर्दीत एकटं नाही वाटणार तर काय वाटणार?

दुसरीकडे मानाचाही प्रश्न आहे, तो तुम्ही लिहिलेला नाही पण मी जोडते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. चादरीच्या कडेला कारखान्याचं नाव विणलेलं असतं. ते फूल कुणी काढलं त्याचं नाव कुठेच नसतं. छत्तीस वर्षं ज्याचं काम लोकांनी पांघरलं त्याला कुणी ओळखत नाही. यातून ‘दाखवून तरी काय’ असं वाटायला लागतं. ते वाटणं मी समजू शकते. तरी त्या वाटण्याच्या नादाला लागू नका.

तर वही कुणाला दाखवायची?

मी त्या पंचविशीच्या पोराचं नाव घेणार आहे. पत्रात तुम्ही त्याला ‘पोरगं’ म्हणालात आणि एका वाक्यात संपवलंत, त्यावरून मनात काय आहे ते कळतं. जे शिकायला तुमची पाच-सहा वर्षं गेली ते तो माऊस फिरवून करतो. असेल. पण त्याला सॉफ्टवेअर येतं आणि कापड तुम्हाला येतं. पडद्यावर फूल गोलच दिसतं हो. धागा कुठे सुटेल, कुठला रंग चार धुण्यांनंतर मळका दिसेल, कुठली कुयरी टॉवेलच्या लुपांत बुडून जाईल, हे त्याला कुणी शिकवलं असण्याची शक्यता कमी आहे, कारण शिकवणारा माणूस सुपरवायझर होऊन तक्रार नाही म्हणत बसलाय. एकाला अक्षरं येतात, दुसऱ्याला भाषा. आमच्या पायरीवरची पत्रिका आठवा.

मात्र त्याला शिकवायला जाऊ नका. पंचविशीतल्या मुलाला बावन्न वर्षांचा माणूस शिकवायला आला की तो आधी घड्याळ बघतो. मदत मागायला जा. चहाच्या सुट्टीत एक वही घ्या, सतरा नकोत. त्यातलं एकच पान उघडा, आणि तुमचं सगळ्यात आवडतं पान मुद्दाम टाळा. एखादं असं काढा ज्यात तुम्हालाच काहीतरी खटकतंय. “हे कॉम्प्युटरवर चढतं का बघ की” एवढंच म्हणा. खटकणारं पान दाखवलं की समोरच्याला बोलायला जागा मिळते. परिपूर्ण पानासमोर माणूस ‘छान आहे काका’ म्हणून मोकळा होतो, आणि ‘छान आहे’नंतर बोलणं मरतं.

तो हसेलही. अव्वा हसल्या होत्या. दोन दिवस राग येऊ द्या.

गड्ड्याच्या यात्रेआधी सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांचा सराव चालतो तो तुम्ही पाहिला असेल. यात्रेच्या दिवशी पांढऱ्या बाराबंद्या घालून मिरवणारे सातही नंदीध्वज आणि त्यांचे मानकरी सगळ्या गावाला दिसतात. पण मला त्या आधीच्या रात्री जास्त आवडतात. उंच काठी कंबरेच्या पट्ट्यात रोवून एखादा नवा पोरगा रस्त्यावर चार पावलं टाकतो, काठी डुलते, त्याचे गाल फुगतात, बाजूचे चौघे हात पसरून तयार असतात, आणि कट्ट्यावर बसलेले रिकामटेकडे सल्ले देतात. त्याचं डुलणं सगळा रस्ता बघतो. कुणाला त्यात काही वाटत नाही, त्यालाही नाही. शिकताना दिसण्याची ही सवय तुमची सोळाव्या वर्षी होती, मेस्त्री हात धरायचे तेव्हा. मध्येच कुठेतरी सुटली.

तुमच्या मिसेसबद्दल. “कशाला डोळे फोडून घेताय” हा मला टोमणा वाटला नाही. रात्री घरात एक दिवा जळतोय, त्या उजेडात काय चाललंय ते आपल्याला कधी दाखवलं जात नाही, हे अकरा वर्षं बघणाऱ्या बाईचं बोलणं आहे ते. आणि एक बघा. दुपारी तुमच्याच गल्लीत विड्या वळणाऱ्या बायकांची बैठक बसते. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्री फिरते, चिमूट तंबाखू, वळली, दोरा मारला, पुढची. तोंड सगळ्यांचं चालू. कुणाची सून कशी, कुणाच्या पोरीला नर्सिंगला घेतलं, कुणाला कर्ज झालं. विडीच्या धंद्याचं मला कौतुक नाही. मजुरी काय मिळते आणि त्या धुळीने खोकला कसा लागतो हे तुमच्या घरात मी सांगायला नको. पण त्या बैठकीत एकीचीही नजर दुसरीच्या डोळ्यांत नसते, सगळ्यांच्या नजरा आपापल्या हातांवर, आणि म्हणून पोटातलं ओठावर येतं. समोरासमोर बसून ‘आता बोल’ म्हटलं की भल्याभल्यांची जीभ जड होते, पुरुषांची तर फारच. शेजारी बसून हात कामात असले की होत नाही. तुम्ही जिवाभावाचं माणूस शोधायला निघू नका, तसं कुणी सापडत नसतं. कुणाच्या तरी शेजारी बसता येईल असं काम शोधा. रात्री तुमची वही आणि त्यांचं सूप एका दिव्याखाली आणून बघा, टीव्ही बंद करून. आणि एखाद्या पानावर रंग कुठला टाकू, हे त्यांना खरंच विचारा. आजवर शेकडो चादरी धुतलेल्या हाताला रंगाचं तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं.

मुलगा ‘जेवलात का’ विचारतो तेव्हा त्याला दुसरं काय विचारावं हे माहीत नसतं. तुमच्या आयुष्यात जेवण आणि गोळी याखेरीज काही चाललंय याची त्याला खबरच नाही. तुम्ही त्याला रोज सकाळी गुलाबाचं ‘सुप्रभात’ पाठवत असाल, पाठवतच असाल, सगळे पाठवतात. त्या गुलाबाऐवजी स्वतः काढलेल्या एका पानाचा फोटो पाठवा. खाली काही लिहू नका. फोन येईल, आणि तो गोळीबद्दल नसेल असा माझा अंदाज आहे. चुकले तर मला शिव्या द्या.

फोटो मुलाला पाठवा, पण फेसबुकवर टाकू नका, एवढ्यात तरी नको. प्रत्येक पानावर कोपऱ्यात तारीख आणि सही करून ठेवा. डिझाईन नोंदवण्याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे आहे, २००० सालचा. त्यात नोंदणी मिळाली की दहा वर्षं हक्क राहतो आणि तो आणखी पाच वर्षं वाढवता येतो. पण जे डिझाईन आधीच जगजाहीर झालंय त्याची सहसा नोंदणी होत नाही. कारखान्यात नोकरीला असताना काढलेल्या डिझाईनवर हक्क कुणाचा, हे वकिलाला विचारून घ्या. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. सतरा वह्या म्हणजे काही खेळ नाही, म्हणून सांगते.

मेस्त्रींना दाखवायचं राहून गेलं, त्याला आता इलाज नाही. त्यांच्या घरी कुणी असतील तर एखाद्या संध्याकाळी जाऊन या. पहिली वही बरोबर न्या. त्यांच्या हाताचं वळण तुमच्या ज्या पानात उतरलंय ते पान त्यांच्या घरच्यांना लगेच ओळखू येईल.

आणि दोन गोष्टी कळवा. त्या पोराने पान बघून पहिलं वाक्य काय उच्चारलं ते, आणि चादरीसाठी मिसेसनी कुठला रंग सांगितला ते. अव्वांना मी तुमच्या पत्राची गोष्ट सांगितली आहे, नाव न घेता. त्या विचारतायत की मोराचा पिसारा हिरवाच करणार का.